सव्वा किलोचा कूलर उभ्या मदरबोर्डावर राहतो कसा?

“मामा, हा एवढा धोंडा त्या पातळ पाटीवर राहणार?”

भाच्याने खोक्यातून कूलर काढला, दोन्ही हातांत तोलून बघितला आणि पहिला प्रश्न हाच टाकला. प्रश्न रास्तच होता. हातात सव्वा किलोच्या वर भरणारा धातूचा ठोकळा, आणि समोर टेबलावर जेमतेम दीड मिलिमीटर जाडीची हिरवट-काळी पाटी. कॅबिनेट उभं केलं की पाटीही उभी होणार आणि ठोकळा तिच्यातून भिंतीवरच्या फळीसारखा आडवा बाहेर येणार. तोही वर्षानुवर्षं, रात्रंदिवस.

बोलताना आपण अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतो, त्यामुळे आधी तो गोंधळ मिटवू. डब्याला इथे कॅबिनेट म्हणू. सीपीयू म्हणजे आतली खरी हिशेब करणारी चिप, साधारण काडेपेटीच्या लांबी-रुंदीची, पण चपटी. ती ज्या बैठकीत बसते ते सॉकेट, आणि सॉकेटसकट सगळं ज्या पाटीवर जोडलेलं असतं तो मदरबोर्ड. सीपीयूच्या डोक्यावर बसून त्याची उष्णता ओढून घेणारा आणि हवेत सोडून देणारा तो कूलर.

एवढं जड करतातच कशाला?

कारण सीपीयू तापतो, आणि हल्ली फारच तापतो. सीपीयू बनवणाऱ्या इंटेल कंपनीच्या तेराव्या पिढीतला कोअर आय ९-१३९००के पूर्ण ताकदीने पळाला की २५३ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो. यातली जवळपास सगळी वीज शेवटी उष्णताच होते, आणि ती काडेपेटीएवढ्या जागेतून बाहेर काढायची असते.

त्यासाठी तांब्याचा तळ सीपीयूवर दाबून बसवतात. त्यातून हीट पाइप वर जातात. हीट पाइप म्हणजे आत थोडासा द्रव भरून दोन्ही टोकं बंद केलेली नळी. गरम टोकाला द्रवाची वाफ होते, थंड टोकाला ती पुन्हा द्रव होऊन आतल्या सच्छिद्र अस्तरातून झिरपत परत येते. वरच्या टोकाला ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे एकावर एक रचलेले असतात आणि पंखा त्यांच्यामधून हवा ढकलतो. पत्रे जितके जास्त, तितकी हवेला भिडणारी जागा जास्त. वजन वाढतं ते इथे. नॉक्टुआ या कूलर कंपनीच्या एनएच-डी१५ या २०१४ मध्ये आलेल्या कूलरचं दोन पंख्यांसकट वजन १,३२० ग्रॅम आहे आणि उंची १६५ मिलिमीटर. या लेखातले हिशेब त्याच्यावरच करू.

वजन नक्की पेलतं कोण?

कूलर मदरबोर्डाला चिकटवलेला असतो असा अनेकांचा समज असतो. मध्ये लावतात ती थर्मल पेस्ट गोंदासारखी दिसते, म्हणून तसं वाटत असावं. पण पेस्टचं काम फक्त दोन धातूंमधल्या सूक्ष्म फटी भरायचं आहे. धरून ठेवायचं काम तिच्याकडे नाही.

ते काम करते ती बॅकप्लेट. ही धातूची किंवा जाड प्लास्टिकची चौकट मदरबोर्डाच्या मागच्या बाजूला, सॉकेटच्या बरोबर पाठीमागे बसते. सॉकेटभोवतीच्या चार भोकांतून तिचे खुंट पुढे येतात आणि कूलर त्या खुंटांवर आवळला जातो. म्हणजे पुढे कूलर, मागे बॅकप्लेट आणि मध्ये सँडविचसारखा दाबला गेलेला बोर्ड. पुस्तकाची पानं दोन पुठ्ठ्यांमध्ये धरली की ती वाकत नाहीत, तसं.

मग हे सँडविच कॅबिनेटला धरून ठेवतं कोण? स्टँडऑफ. कॅबिनेटच्या आतल्या पत्र्यावर बसवलेल्या या छोट्या, बहुधा पितळी खुंट्या. एटीएक्स या नेहमीच्या आकाराच्या बोर्डाला साधारण नऊ लागतात. कूलरचं वजन बोर्डातून स्टँडऑफवर आणि तिथून कॅबिनेटच्या पत्र्यावर उतरतं. म्हणून सॉकेटजवळचा एखादा स्टँडऑफ बसवायचा राहिला किंवा त्याचा स्क्रू ‘एकाने काय होतंय’ म्हणून सोडून दिला, तर नेमका तिथेच बोर्ड झोल खातो. हलक्या कूलरला हे खपून जातं. जड कूलर असेल तर नऊच्या नऊ स्क्रू लावा.

भरलेली बादली आणि लांब केलेला हात

पाण्याची बादली अंगाजवळ धरली तर चालता येतं. तीच हात सरळ पुढे करून धरली तर खांदा भरून येतो. वजन तेच, फक्त अंतर वाढलं. भाच्याला खटकत होतं ते हेच: कूलर नुसता जड नाही, तो बोर्डापासून दूरवर पसरलेला आहे.

मग आम्ही कागदावर मांडलं. कूलरचं वजन सव्वातेरा-शे ग्रॅम. त्याचा मध्य बोर्डापासून साधारण आठ सेंटीमीटर दूर आहे असं धरू. गुणाकार केला की साडेदहा किलो-सेंटीमीटरचा पीळ निघतो. हा पीळ कूलरची वरची कड बोर्डापासून सोडवू बघतो आणि खालची कड आत दाबतो. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटभोवतीची भोकं एकमेकांपासून ७८ मिलिमीटरवर असतात, म्हणजे पावणेआठच्या आसपास सेंटीमीटर. साडेदहाला त्याने भागलं की वरच्या दोन भोकांवर मिळून ओढ येते दीड किलोपेक्षाही कमी.

याच्या तुलनेत कूलर नीट आवळला की तो सीपीयूवर पंधरा-वीस किलो वजन ठेवल्यासारखा दाब देत असतो. वीस किलोने दाबून बसलेल्या वस्तूची एक कड दीड किलोने ओढली, तर ती हलत नाही.

भाच्याने आकडे पुन्हा तपासले आणि म्हणाला, “मग लोक घाबरतात कशाला?”

मग मोडतं कधी?

प्रवासात.

उभं, स्थिर असलेलं कॅबिनेट हा सोपा मामला आहे. तेच कॅबिनेट दोन सेंटीमीटर उंचीवरून जमिनीवर आदळलं तर काय होतं बघा. कठीण फरशीवर ते एखाद्या मिलिमीटरमध्ये थांबतं. वीस मिलिमीटरच्या पडण्यात मिळवलेला वेग एका मिलिमीटरमध्ये संपवायचा, म्हणजे आतल्या प्रत्येक वस्तूला क्षणभर आपल्या वजनाच्या वीसपट झटका बसतो. सव्वातेरा-शे ग्रॅमचा कूलर त्या क्षणापुरता सव्वीस किलोंचा होतो. वरच्या भोकांवरची दीड किलोची ओढ सव्वीस-अठ्ठावीस किलोंवर जाते आणि आवळलेला दाब ती ओलांडू शकते. तळ सीपीयूवरून सुटतो, परत आपटतो, बोर्ड सॉकेटच्या कडेला वाकतो. आणि हे फक्त दोन सेंटीमीटर होते. गाडीच्या डिकीत उभं ठेवलेलं कॅबिनेट खड्ड्यागणिक असले किती धक्के खातं याचा अंदाज तुम्हीच करा.

२०१५ मध्ये इंटेलची सहावी पिढी, स्कायलेक, आली. तिच्यातल्या सीपीयूचा स्वतःचा तळ, म्हणजे आतली चिप ज्या छोट्या पाटीवर बसते ती, आधीच्या पिढीपेक्षा पातळ होता. त्याच वर्षाच्या अखेरीस काही कूलरखाली हे सीपीयू किंचित वाकल्याच्या आणि सॉकेटच्या पिना बिघडल्याच्या बातम्या आल्या. विशेषतः कूलर बसवलेल्या अवस्थेत कॅबिनेट हलवताना बसलेल्या धक्क्यांनी हे होतं असं पुढे आलं. एका जपानी कूलर कंपनीने दाब कमी करणारे नवे स्क्रू ग्राहकांना फुकट दिले. स्थिर वजनाला पुरून उरणारा जोड झटक्याला कमी पडला, असा तो सरळ प्रकार होता.

म्हणून साधारण सातशे ग्रॅमच्या वरचा कूलर लांबच्या प्रवासाला निघताना उतरवून वेगळा न्यावा, हे उत्तम. तेवढं शक्य नसेल तर कॅबिनेट आडवं न्यायचं: काचेची बाजू वर, मदरबोर्डाची बाजू खाली. असं ठेवलं की कूलर बोर्डावर खांबासारखा उभा राहतो आणि बादली धरलेला लांब हात उरतच नाही. ग्राफिक्स कार्डालाही हीच स्थिती मानवते. पार्सलने पाठवायचं असेल तर आत फुगणाऱ्या फोमची पिशवी भरतात, तीही चांगली. फक्त पोहोचल्यावर ती काढल्याशिवाय बटण दाबू नका. फोमने पंखे अडवलेले असताना मशीन चालू करणारे महाभाग असतात.

बोर्ड बनवणाऱ्यांना हे आधी सुचलं नव्हतं?

उभ्या कॅबिनेटमधली आजची मांडणी म्हणजे एटीएक्स. ती इंटेलने १९९५ मध्ये आणली तेव्हा कूलर मुठीत मावत. नंतर इंटेलची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडी, तिच्या ‘सॉकेट ए’ या सॉकेटसाठी कूलरच्या वजनाची शिफारस ३०० ग्रॅमपर्यंत होती, तर पेंटियम ४ च्या काळात इंटेलचा आकडा ४५० ग्रॅमवर गेला. आजचे मोठे कूलर त्याच्या तिप्पट भरतात. पुढे इंटेलने बीटीएक्स नावाची नवी मांडणी काढली. तिच्यात सॉकेटखाली एक पोलादी आधार होता आणि कूलर बोर्डातून आरपार थेट कॅबिनेटला बांधला जाई, म्हणजे बोर्डावर भारच नको. कल्पना चांगली होती, पण ती मांडणी बाजारात रुजली नाही आणि इंटेलने ती सोडून दिली. त्या आधाराची जागा भक्कम बॅकप्लेटने भरून काढली, असं म्हणायला हरकत नाही.

आता प्रत्यक्ष बसवताना

आधी मोजमाप. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात कूलरची कमाल उंची दिलेली असते, ती बघा. पुढचा पंखा रॅमच्या उंच पट्ट्यांवर येत असेल तर तो वर सरकवावा लागतो आणि मग एकूण उंचीही तेवढीच वाढते. काच बंद होत नाही हे शेवटी कळण्यासारखा वैताग नाही.

कॅबिनेट आडवं पाडा, किंवा बोर्ड बाहेरच त्याच्या खोक्यावर ठेवून काम करा. उभ्या बोर्डावर एका हाताने कूलर तोलत दुसऱ्या हाताने स्क्रू शोधायचा नाही. तो घसरला की सॉकेटभोवतीचे बारीक भाग खरवडले जातात. आणि बाहेर बसवलात तर बोर्ड उचलताना कूलरला हँडल समजू नका. बोर्डाच्या कडा धरा.

बॅकप्लेट सॉकेटनुसार बदलते. एएमडीच्या एएम ४ वर पुढचे चार स्क्रू काढले की मागची बॅकप्लेट सुटून खाली पडते, तेव्हा तिला हाताचा आधार देऊन ठेवा. एएम ५ वर ती सॉकेटचाच भाग असते, ती काढायची नाही, फक्त पुढच्या प्लास्टिकच्या पट्ट्या काढायच्या. इंटेलच्या बाबतीत बॅकप्लेट बहुधा कूलरच्या खोक्यात येते. एलजीए १२०० पर्यंत भोकांचं अंतर ७५ मिलिमीटर होतं, एलजीए १७०० ला ते ७८ झालं, आणि सॉकेटची उंचीही थोडी कमी झाली. जुनी पट्टी ओढूनताणून बसवलीच तर दाब कमी पडतो. कूलर ‘बसलेला’ दिसतो, पण तापमान चढत राहतं.

पुढची गोष्ट मी स्वतःच्या फजितीतून शिकलो. बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात सीपीयूला वीज देणारी आठ पिनांची जोडणी असते. ती केबल आधीच लावून घ्या. एकदा मी कूलर बसवून, पंखे चढवून, मिरवत उभा राहिलो आणि मग ती केबल हातात दिसली. पत्र्यांच्या आणि कॅबिनेटच्या मधल्या फटीत बोटं घालून अर्धा तास झटापट केली, दोन बोटं कापली, आणि शेवटी कूलर उतरवलाच.

तळावरची पारदर्शक फिल्म सोला. तिच्यावर बहुधा मोठ्या अक्षरांत ‘काढा’ म्हणून लिहिलेलं असतं आणि तरीही ती राहते. पेस्टचा लहान मण्याएवढा थेंब मधोमध ठेवा. आता पंखे काढलेला कूलर सरळ खाली टेकवा आणि स्क्रू आळीपाळीने आवळा.

हे आळीपाळीने म्हणजे कसं, ते जरा सावकाश सांगतो, कारण बहुतेक घोटाळे इथेच होतात. गाडीचं चाक बदलताना आपण एक नट पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे जात नाही. समोरासमोरचे नट थोडे थोडे घेतो, नाहीतर चाक तिरकं बसतं. तसंच इथे. भाच्याच्या कूलरला दोन स्प्रिंगवाले स्क्रू होते. पहिला त्याने फक्त आटे पकडण्यापुरता फिरवला, दोन फेरे. मग दुसरा, दोन फेरे. पुन्हा पहिला. दर खेपेला कूलर किंचित डावीकडे, मग किंचित उजवीकडे झुकत होता आणि पेस्ट खाली समान पसरत होती. चार स्क्रू असतील तर तिरक्या जोड्या पकडायच्या. एक बाजू आधी पूर्ण आवळली, तर दुसरी उचललेली राहते. मग तिकडचा स्क्रू आट्यांपर्यंत पोचतच नाही, माणूस जोर लावतो, आणि आटे वाकडे जातात.

जास्त आवळलं तर जास्त सुरक्षित ना?

नाही. चांगल्या कूलरच्या स्क्रूला एका ठिकाणी थांबा दिलेला असतो. तिथे पोचल्यावर स्क्रूड्रायव्हर अडतो, आणि पुढचा जोर फक्त आट्यांवर पडतो. दाब किती असावा ते स्प्रिंगच्या लांबीने आधीच ठरवून ठेवलंय. तुमच्या मनगटाला तो ठरवायचा अधिकार नाही. भाच्यानेही अडल्यावर ‘अजून एक’ म्हणून हात लावला होता, मी स्क्रूड्रायव्हर काढून घेतला.

जादा दाबाने थंडावाही वाढत नाही. दोन धातू एकदा नीट भिडले की पुढे मिळतं ते फक्त वाकणं. एलजीए १७०० सॉकेटच्या पकडीनेच सीपीयू मध्यभागी किंचित खोलगट होतो, हे जगजाहीर आहे. त्यासाठी कूलरवाल्यांनी तळालाच वेगवेगळा फुगवटा देऊन बघितला: एनएच-डी१५ ची २०२४ मधली दुसरी आवृत्ती तळाच्या तीन प्रकारांत मिळते. आकार जुळवायचा असतो तो असा, ताकदीने नाही.

वरून दोरीने टांगू का? की सरळ वॉटर कूलर घेऊ?

कूलरला वरून दोरी किंवा खालून टेकू देणारे लोक आहेत. घरात एका जागी उभ्या असलेल्या मशीनला याची गरज नाही, वरचा हिशेब बघा. उलट टेकू जरा जास्त उंच झाला तर तो कूलरला वर ढकलून उलटा पीळ देतो. बोर्डाकडे बाजूने बघितल्यावर सॉकेटभोवती किंचित बाक दिसला तर लगेच घाबरू नका. तो आवळलेल्या दाबाचा असतो. महिनोन्‌महिने तो वाढत गेला, तर मात्र स्टँडऑफ तपासा.

वॉटर कूलरमध्ये सीपीयूवर छोटा ठोकळाच बसतो आणि जड रेडिएटर कॅबिनेटला स्क्रूने लागतो, त्यामुळे बोर्डावरचा भार खरोखर कमी होतो. ज्यांचं मशीन सतत गावोगाव फिरतं त्यांनी तो जरूर घ्यावा. पण त्यात पंप असतो, तो कधीतरी थकतो. नळ्यांमधून वर्षांगणिक थोडा द्रवही उडतो. हवेच्या कूलरमध्ये बिघडण्यासारखा फक्त पंखा, आणि तो दोन क्लिपा काढून बदलता येतो. मशीन जागेवर राहणार असेल तर माझं मत सरळ हवेच्या कूलरला.

काढताना

काढायची वेळ येतेच: पेस्ट वाळली, पंखा बदलायचा आहे, घर बदलायचंय. आधी मशीन थोडा वेळ चालवून पेस्ट कोमट होऊ द्या. मग बंद करून वीज काढा, कॅबिनेट आडवं करा, पंखे उतरवा आणि स्क्रू लावले तसेच आळीपाळीने सोडा. सुटल्यावर कूलर सरळ वर खेचायचा मोह होतो, तो आवरा. हलकेच डावी-उजवीकडे पिळा. पेस्टने धरलेली पकड सुटल्याचं हाताला जाणवतं, मग उचला.

एएम ४ वाल्यांनी हे विशेष जपावं. तिथे १,३३१ पिना सीपीयूच्याच पोटाला असतात आणि सॉकेट त्यांना फक्त बाजूने चिमटून धरतं. झटक्याने खेचलं तर लॉक लागलेलं असतानाही सीपीयू कूलरच्या तळाला चिकटून बाहेर येतो, आणि कूलर टेबलावर ठेवताना त्या पिना लाकडावर टेकतात. एएम ५ आणि इंटेलमध्ये वरून धातूची चौकट सीपीयूला धरून ठेवते, म्हणून तिथे ही भीती नाही.

भाच्याचं मशीन संध्याकाळी त्याच्या घरी गेलं. मागच्या सीटवर आडवं, काच वर, बाजूने दोन उशा लावून. जिन्यात मात्र त्याने ते उभं उचललं, आणि दारात ठेवताना धप्पकन आवाज आला. आम्ही दोघांनीही काच उघडून कूलर हलतोय का ते बघितलं. हलत नव्हता.